अकरावा गणवेश

३ मार्च

चि. उधळीस,

सात वर्षांत आशीर्वाद पाठवले नाहीत, तेव्हा आज एकदम सगळी थकबाकी मिळेल अशी आशा ठेवू नकोस. हे पत्र भांडणाचं आहे. आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचे कष्ट घ्यायचे की नाही ते तुला ठरवता येईल. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडतेस, आणि तुझ्या रडण्याचा वेळ माझ्या बिलात धरतात.

आमच्याकडे वर्तमानपत्र दुपारी येतं. म्हणजे सकाळीच येतं, पण शेजारच्या सलूनवाल्याकडे. त्याची गिऱ्हाइकं तोंडाला फेस लावून वाचतात आणि तीन वाजता तो ते आम्हाला निम्म्या किमतीत देतो. पानावर कधी कधी दाढीचे केस असतात, पण बातम्या तशाच ताज्या. जगात काय चाललंय ते आम्हाला सगळ्यांच्या नंतर कळतं आणि सहसा त्यामुळे काही बिघडत नाही. परवा बिघडलं. परवा आमच्याच घरात काय चाललंय तेही आम्हाला सगळ्यांच्या नंतर कळलं.

सकाळी दुकान उघडायला गेले तर पायरीवर बँकेतली बाई उभी. तिचा कोट मी गेल्या महिन्यात शिवला होता.

"माझ्या कोटाचे तुकडे द्या," म्हणाली.

"कसले तुकडे?"

"उरलेले. कापड माझं होतं, तेव्हा तुकडेही माझेच."

"अहो, महिना झाला. कचऱ्यात गेले ते."

"कचऱ्यात?" तिने पर्सची चेन लावली. "की अकराव्यात?"

मला काही उमगलं नाही. दुपारपर्यंत आणखी चार जण आले. एकाची मी पँट आखूड केली होती, त्याला कापलेली चार बोटांची पट्टी हवी होती. "काय करणार तिचं?" मी विचारलं. "काही नाही," म्हणाला, "पण माझी आहे."

तीन वाजता पेपर आला. आमचे हे इस्त्री करता करता मोठ्यांदा वाचतात, हे तुला ठाऊक आहे. पाठीमुळे गोदामाची नोकरी सुटली तेव्हापासून इस्त्री आणि वाचन एवढंच त्यांच्याकडे आहे. वाचता वाचता थांबले आणि शर्टाच्या कॉलरवर इस्त्री तशीच राहिली. तो शर्ट गेला. त्याचे पैसे मी तुझ्याकडून मागणार नाही, पण तो कोणामुळे गेला ते तुला माहीत असावं.

'चार पैसे' नावाचं तुझं सदर. वर तुझा फोटो. आणि खाली : "माझी थोरली बहीण शिवणकाम करते. दहा गणवेशांच्या कापडात ती अकरावा गणवेश काढते आणि त्या अकराव्यांवर दुकानाचं भाडं भागवते. काटकसर तिच्या कात्रीतच आहे!" उद्गारचिन्ह तुझं.

नाव छापलं नाहीस, म्हणून तू हात झटकशील. नाव कशाला छापायला हवं? फोटोत नाक छापलंस ना! आपल्या दोघींचं नाक आईने एकाच साच्यातून काढलंय. अख्ख्या रस्त्याने ते ओळखलं. सलूनवाला म्हणाला, "बाई, मी आधी तुमचाच फोटो समजलो. म्हटलं, बाईंनी केस कधी कापले, आणि तेही दुसऱ्याकडे!"

आता नीट ऐक. शाळेचे पाचशे गणवेश दरवर्षी माझ्याकडे येतात. कापड शाळा देते, शिलाई मला मिळते. आमचं निम्मं वर्ष त्या शिलाईवर निघतं. यंदा दुकानाचं भाडं वाढलं, वीज वाढली, दोऱ्याचं रीळ आतून पोकळ झालं आणि किंमत बाहेरून फुगली. यंदा ते काम गेलं तर दुकान गेलं. पंचवीस तारखेला मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, ते काम कोणाला द्यायचं ते ठरवतात. आणि मोठ्या बाई वर्तमानपत्र सकाळीच वाचतात.

मी कोणाची चिंधीसुद्धा ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा येत्या सदरात खुलासा छाप. लेख चुकला, माफी असावी. दोन ओळी पुरे. तू शब्दांचे पैसे घेतेस, तेव्हा दोनाच्या चार करशील, पण चारांच्या वर जाऊ नकोस.

ताई
(हा शब्द छापायला परवानगी नाही.)


१० मार्च

उधळे,

तुझं उत्तर मिळालं. "ताई, मी तर तुझं कौतुक केलं."

आयुष्यात पहिल्यांदा केलंस. तेही मला न सांगता, पेपरच्या सगळ्या वाचकांना सांगितलंस. आपल्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती, ते बरंच होतं. आई फार खूश झाली की म्हणायची, "बरं." आणि तो शब्दसुद्धा जपून वापरायची. तुला मात्र लहानपणापासून हात सैल सोडायची सवय. एका आंघोळीत साबणाची अख्खी वडी विरघळवली होतीस, म्हणून तर तुझं नाव उधळी पडलं. आता तीच उधळी जगाला सांगते की साबणाच्या चपट्या नव्या वडीला चिकटवा. चिकटवा म्हणे! चिकटवायला चपटी उरावी लागते, बये.

तुझे बाकीचे लेखही ह्यांनी जुन्या रद्दीतून शोधून वाचून दाखवले. "तेल महागलं? तळण कमी करा." "भाडं वाढलं? घरमालकाशी मनमोकळं बोला." आमच्या घरमालकाशी मनमोकळं बोलायचं तर आधी त्याला मन असावं लागतं. त्याच्याकडे आहे फक्त पावतीपुस्तक.

आणि हो, आता एक गोष्ट. मागच्या पत्रात मी चिंधीसुद्धा ठेवत नाही असं लिहिलं. ते पत्र कोणी तिसऱ्याने वाचलं तर काय, म्हणून तसं लिहिलं होतं. आता राग एवढा आलाय की तिसऱ्याची पर्वा राहिली नाही. निघतो अकरावा. काढते मी. का नाही काढणार? शाळा हिशेबाने कापड देते आणि बाकीचे शिंपी त्यात दहाच काढून वर म्हणतात, कापड कमी पडलं. मी ताग्यावर चौथीची मापं आणि सहावीची मापं एकत्र मांडते. मोठ्या बाहीच्या खाचेत लहान कॉलर बसवते, खिसा पट्ट्यातून काढते आणि खडूची रेघसुद्धा दोनदा मारत नाही. ही अक्कल शाळा मला देत नाही, तिचे पैसेही देत नाही. मग अक्कल ज्याची, अकरावा त्याचा. मुलं वर्षाच्या मध्यात गुडघे फाडतात, तेव्हा त्यांच्या आया निम्म्या दरात माझ्याकडूनच ते नेतात. भाजीवाला तराजूवर अंगठा ठेवतो, त्याला धंदा म्हणतात. मी खडू ठेवते.

पण हे मी तुला सांगितलं होतं. सात वर्षांपूर्वी, तू अजून माझी बहीण होतीस तेव्हा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून. हसलीही होतीस. घरात सांगितलेली गोष्ट घरात राहते, असं मला वाटलं. बाहेर तिला भाव मिळतो हे कुठे माहीत होतं!

काल मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर तुझा लेख होता, लाल पेन्सिलीने खूण केलेला. शेजारी कारकून, कानावर पेन.

"बसा," म्हणाल्या. मी बसले. "दहाला अकरा निघतात?"

"छे हो बाई. दहा निघतानाच नाकी नऊ येतात."

"मग ही कोण?" त्यांनी तुझ्या फोटोवर पेन्सिल ठेवली. नेमकी नाकावर.

आता तिथे मी काय म्हणायला हवं होतं, ते तुला घरी बसून सुचेल. मला सुचलं ते मी म्हटलं. "कोण जाणे. मला बहीणच नाही."

"नाक तर तेच आहे," कारकून म्हणाला.

"नाकं काय, एकाच साच्यातून शेकड्याने निघतात. तुमच्यासारखं नाक मी परवाच पोस्टात पाहिलं."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "बहीण नसेल तर उत्तम," म्हणाल्या. "ही लेखिका कोणाची बहीण आहे की नाही, ते तिनेच छापून सांगू दे. पंचवीस तारखेपर्यंत. मी वाट बघते."

तेव्हा आता नुसती माफी चालणार नाही. सरळ छाप : त्या लेखातली ताई खोटी आहे, मनाने रचलेली आहे, मला बहीण नाही. खोटं मी आधी बोलून बसले आहे, तुला फक्त त्याला टेकू द्यायचाय. एवढं तरी कर. टेकू द्यायला पैसे लागत नाहीत.

ताई


१७ मार्च

उधळे,

म्हणजे तुला जमणार नाही.

"संपादक ऐकणार नाहीत, ताई. सदराच्या डोक्यावरच लिहिलंय 'खऱ्या घरांतल्या खऱ्या गोष्टी'. मी रचून लिहिलं असं छापलं तर पुढचं कोण छापेल? मला थोडा वेळ दे." छान. खरेपणाची एवढी चाड तुला कधीपासून? मला वेळ नाही. माझ्याकडे आठ दिवस आहेत. ते तू खाल्लेस तर मला ते कोणत्याच युक्तीने पुरवता यायचे नाहीत.

आणि खरं काय ते मी सांगू का संपादकांना? आई गेली तेव्हा घरातून तू एकच वस्तू नेलीस. तिची वही. मी कपाट ठेवून घेतलं, भांडी ठेवली, खाट ठेवली, आणि मनात म्हटलं, धाकटीने फक्त वही घेतली, किती साधी पोर! त्या वहीत आईच्या सगळ्या युक्त्या होत्या. पडद्याच्या उशा कशा करायच्या, एका जाळावर दोन भांडी कशी चढवायची, जुन्या चादरीची मधली विरलेली पट्टी काढून कडा मध्ये कशा शिवायच्या. आई ते लिहायची कारण तिला वाटायचं, एक दिवस स्वस्ताई येईल आणि सगळे हे विसरतील. बघ, तिचा जगावर किती विश्वास होता.

तुझा प्रत्येक लेख मला ओळखीचा का वाटला, ते आत्ता कळलं. चादरीचा लेख, पडद्याचा लेख, जाळाचा लेख. ऐंशी पानी वही होती. आठवड्याला एक पान म्हटलं तरी दीड वर्षात ती संपणारच. ती संपली आणि मग तू माझ्याकडे वळलीस. आई पुरली नाही म्हणून बहीण कापायला घेतलीस. बेतलंस मात्र बरोबर. एक पट्टी वाया घालवली नाहीस.

भांडण झालं त्याला कारण ती वहीच होती. मी मागितली, तू म्हणालीस, "तुला काय करायचीय? तुझ्या तर सगळं हातात आहे." ते वाक्य मी सात वर्षं चघळते आहे. अजून चव गेली नाही.

आता शेवटचं सांगते. वीस तारखेच्या अंकात खुलासा आला नाही, तर एकवीसला माझं पत्र संपादकांकडे जाईल. वही कोणाची, अक्षर कोणाचं, आणि 'एक अनुभवी गृहिणी' म्हणून जी फोटोत हसते तिला घरात काय म्हणायचे. साबणाच्या वडीसकट सगळं लिहीन. मग बघ, किती शब्दांना किती पैसे मिळतात.

जाता जाता : पाठकोऱ्या कागदावर पत्र लिहायचं नाटक माझ्यासाठी करू नकोस. मागे तुझ्या नवऱ्याच्या कंपनीचा नाव-पत्ता छापलाय. कंपनीचे कागद घरी आणून वापरायचे आणि लोकांना काटकसर शिकवायची, हे बरं आहे! पाकीटही उलटं करून पुन्हा चिकटवलेलं. आतून जुना पत्ता दिसतो. एवढं कौतुक मिळवायची धडपड कशाला? मी 'बरं' म्हणणार नाही.

आमचे हे म्हणतात, "एवढं टोचून लिहू नकोस, तिचंही काही असेल." ह्यांना सगळ्यांचंच काही तरी असतं. इस्त्री करतात ना, सुरकुतीची दया येते.

ताई


२६ मार्च

उधळे,

आलं. वीसच्या अंकात आलं. तीन वाजेपर्यंत थांबवेना, म्हणून मीच सलूनमध्ये गेले आणि एका अर्ध्या दाढीच्या माणसाच्या हातून पान ओढून घेतलं. गळ्यावर वस्तरा असताना माणूस समजूतदार होतो.

"मागील एका लेखात उल्लेख केलेली शिवणकाम करणारी थोरली बहीण ही व्यक्ती काल्पनिक आहे. ती मी रचली. मला बहीण नाही. वाचकांची दिशाभूल झाल्याबद्दल क्षमस्व."

झालं की नाही! एवढ्यासाठी पंधरा दिवस ताटकळवलंस. काल पंचवीस तारीख. मोठ्या बाईंनी ते कात्रण फाइलला लावलं, पाचशे गणवेशांचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि सही घेतली. दुकान राहिलं. हे तुझ्यामुळे राहिलं असं समजू नकोस. तुझ्यामुळे जाणार होतं, ते फक्त गेलं नाही.

फुकट काहीच मिळत नाही, तसं हेही मिळालं नाही. कागदावर नवीन अट आहे. यंदा कापड शाळेच्या हॉलमध्येच बेतायचं, कारकुनासमोर. उरलेल्या चिंध्या त्याने पिशवीत भरून ठेवायच्या. मी म्हटलं, "बाई, बहीण खोटी ठरली ना? मग हे कशाला?"

"बहीण खोटी ठरली," त्या म्हणाल्या, "अकरावा खोटा, असं अजून कोणी छापलेलं नाही."

हुशार बाई आहे. शिवणकामात असती तर बारावा काढला असता.

निघताना मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, ती तुमची कोणी नाही. असली बहीण असण्यापेक्षा नसलेली परवडली."

मी मान डोलावली.

एवढंच सांगायचं होतं. पण कागद अजून अर्धा कोरा आहे आणि कोरा पाठवणं जिवावर येतं, म्हणून लिहिते. तुझा खुलासा ह्यांनी रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा एकदा मोठ्यांदा वाचला. मी म्हटलं, कळलं, किती वेळा वाचाल. तर घडी घालून म्हणाले, "मग मेहुणी आता नाहीच का मला?" आणि इस्त्री नसताना टेबलावरून हात फिरवत बसले.

'ताई खोटी आहे' एवढं पुरलं असतं, उधळे. 'मला बहीण नाही' हे वेगळं वाक्य कशाला घातलंस? मी सांगितलं होतं म्हणशील. मी सांगितलेलं आयुष्यात कधी ऐकलं नाहीस आणि नेमकं हेच ऐकलंस! अक्षरन् अक्षर! राग आला होता तर तसं लिहायचं होतंस. मलाही आलाय आणि मी लिहितेच आहे.

हे पत्र पोचल्याचं कळव. कळवलं नाहीस तरी चालेल.

(कोणाचीच नाही ती)


९ एप्रिल

उधळे,

गेले दोन आठवडे तुझी जागा पेपरात एक निवृत्त अधिकारी भरतोय. 'बचतीचे गणित' असं काहीतरी नाव आहे. त्याचा सल्ला आहे की दर महिन्याच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा आधी बाजूला काढा. आमचे हे वाचताना तीनदा थांबले, म्हणाले, "कोणाच्या उत्पन्नातला?" आधी मला वाटलं, तू रजेवर असशील. मग सलूनवाला म्हणाला, "बाई, त्या फोटोवाल्या बाईंना काढलं. रचून लिहितात म्हणे. तशी बातमीच होती आतल्या पानावर. ते पान माझ्याकडे एकाने दाढी पुसायला घेतलं, म्हणून तुमच्यापर्यंत आलं नाही."

तेव्हा ह्यांनी एक उद्योग केला. मला न विचारता. सलूनमधून तुझ्या घरी फोन लावला. तुझ्या नवऱ्याने उचलला. भर दुपारी, कामाच्या दिवशी नवरा घरी फोन उचलतो यावरूनच ह्यांना कळायला हवं होतं. ह्यांना सगळं सविस्तर ऐकावं लागलं. आठ महिने झाले म्हणे कंपनी बंद होऊन. मागचा पगार मिळाला नाही. कागदांचे गठ्ठे तेवढे पगाराच्या बदल्यात उचलून घरी आणले. आणि घर चाललं होतं ते 'चार पैसे'वर.

आठ महिने! दोन पत्रं लिहिलीस तेव्हा एका ओळीत सांगता आलं नाही? "ताई, हे सदर गेलं तर आमची चूल बंद होईल." एवढीशी ओळ. मी काय केलं असतं म्हणतेस? मी तरीही खुलासा मागितला असता. पाचशे गणवेश होते. मागितलाच असता, खोटं कशाला बोलू! पण निदान माहीत असून मागितला असता. न सांगता मला दुष्ट केलंस, आणि स्वतः मात्र गुपचूप, हूं की चूं न करता, 'मला बहीण नाही' लिहून मोकळी झालीस. हा कुठला मोठेपणा? असला मोठेपणा तुला परवडतो का? वहीत होता का कुठे लिहिलेला?

आणि "थोडा वेळ दे" म्हणालीस तेव्हा मी ते नाटक समजले. माझी चूक झाली. हे वाक्य एकदाच लिहिते, नीट वाचून घे.

आता कामाचं. हॉलमध्ये बेतणं सुरू झालंय. कारकून खुर्ची टाकून समोर बसतो आणि माझ्या कात्रीकडे असा बघतो जणू तीच पळून जाईल. पहिल्याच दिवशी दहा बेतून झाले आणि कापड उरलं. लपवायला जागा नव्हती. तो उठला, कापडावर हात ठेवला. मला वाटलं, आता मोठ्या बाईंना हाक मारणार. तर दाराकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, माझा मुलगा पाचवीत आहे." मी पाचवीचं माप काढलं. मला ते पाठ होतं, गेल्या वर्षी मीच घेतलंय. तेव्हा अकरावा अजून निघतो, फक्त तो आता भाडं भरत नाही. ते भाडं शिलाईतूनच काढायचं, म्हणजे जास्त शिवायचं, म्हणजे मला हात हवेत.

काज-बटणांना मी दरवर्षी बाहेरची एक बाई ठेवते. गेल्या वर्षीची आता लग्नाच्या कार्डांना सोनेरी कडा लावते, तिथे पंखा आहे म्हणे. तिची जागा रिकामी आहे. पाचशे शर्ट, प्रत्येकाला सहा बटणं, दोन बाह्यांना दोन. गुणाकार तू कर, आता वेळ आहे तुझ्याकडे. काज तुला येतात. आईने तुला शिकवताना मी तिथेच होते. वाकडे यायचे, पण यायचे.

सोमवारी ये. पहिल्या गाडीने, ती स्वस्त असते. नवऱ्यालाही आण, ह्यांच्या पाठीला दुसरी इस्त्री धरणारा मिळेल. दोघं मिळून पेपर वाचतील आणि शर्ट जाळतील. राहायला मागची खोली आहे, तागे रचलेत, ते सरकवता येतील. मजुरी बाहेरच्या बाईला देते तेवढीच. एक पैसा जास्त नाही, आणि एक पैसा कमी द्यायलाही मी तुझी संपादक नाही. जेवण इथेच. दोन माणसं वाढल्याने पातेलं फुटत नाही, डाव तेवढा उथळ धरावा लागतो.

येताना वही आण. छापून झाली असली तरी आण. त्यात माझ्यासाठी काही उरलंय का ते मला बघायचंय.

आता नियम, पाठ करून ये. काज-बटणंही हॉलमध्येच बसून करायची, आणि मोठ्या बाई तिथे केव्हाही येतात. फोटो त्यांच्या फाइलमध्ये आहे, तेव्हा डोक्यावर रुमाल बांध आणि मान खाली ठेव. कापणाऱ्याची मान वर लागते, काजवालीची खालीच असते, कोणाला संशय यायचा नाही. कारकुनाने ओळखलं तरी बोलणार नाही. त्याच्या मुलाच्या अंगावरचा अकरावा त्याचं तोंड बंद ठेवतो आणि माझंही. कोणी विचारलंच, तर तू काजवाली. मला बहीण नाही आणि तुलाही नाही, ते छापून आलंय, फाइलला लावलंय. हॉलमध्ये मला 'बाई' म्हणायचं. 'ताई' तोंडातून निसटलं तर दोघींचं काम जाईल.

घरी आल्यावर दार लावून घेत जाऊ. मग काय म्हणायचं ते म्हण.